चौथी खुंटी

चूक माझी होती, हे आधी लिहून टाकते. नाहीतर पुढच्या पानापर्यंत मी तिला नटवून दुसऱ्याच कोणाच्या तरी अंगावर घालीन. तशी सवय आहे मला.

आमच्या शिक्षणसंस्थेची एक परीक्षा असे. मॅट्रिक झालेल्या, तालुक्या-तालुक्यांतून आलेल्या मुली तिला बसत. जी पहिली येईल तिला नागपूरच्या वसतिगृहात जागा आणि सायन्सला प्रवेश. जागा एकच. गणिताचा पेपर त्या वर्षी मी काढला होता. वय चोवीस, एम.एस्सी., पहिला वर्ग, आणि विदर्भात गणित फक्त मलाच येतं अशी पक्की खात्री. त्या पेपरात मी एक प्रश्न घातला: ‘एका समांतरभुज चौकोनाचे तीन शिरोबिंदू (१,१), (५,१) आणि (२,४) आहेत. चौथा शिरोबिंदू काढा.’ चार मार्क.

ज्यांचं गणिताशी फाटलं आहे त्यांनी घाबरू नये. समांतरभुज चौकोनाचे दोन कर्ण एकमेकांना बरोबर मध्यावर कापतात, एवढंच लक्षात ठेवा. एका कर्णाची दोन टोकं माहीत असली की त्यांची बेरीज करून निम्मी करायची, मध्यबिंदू निघतो. तोच दुसऱ्या कर्णाचाही मध्यबिंदू. त्यावरून त्याचं हरवलेलं टोक सापडतं. मी पहिला आणि तिसरा बिंदू समोरासमोर धरले आणि उत्तर काढलं (-२,४). वजा चिन्ह आल्याचा मला कोण आनंद. पोरी इथे घसरणार म्हणून मी स्वतःशीच हसले होते.

घसरले मी. कोणता बिंदू कोणासमोर, हे मी प्रश्नात लिहिलंच नव्हतं. अ, ब, क, ड अशी नावं दिली असती तर क्रम ठरला असता. नुसते तीन बिंदू फेकले तर चौथा तीन ठिकाणी बसतो, आणि तिन्ही बरोबर. ही गोष्ट संत्र्याच्या बगीच्यात वाढलेल्या एका माणसाला दिसली होती. माझ्या पहिल्या वर्गाच्या पदवीला दिसली नाही.

मला लिहायचं आहे ते त्या माणसाबद्दल. मी शिकवत असे त्या संस्थेच्या नागपूरच्या मुलींच्या हायस्कुलात ते वीस-एक वर्षं गणित शिकवत होते. नाव लिहीत नाही. सगळे त्यांना सर म्हणत, मीही म्हणत असे, पण माझ्या तोंडी त्या शब्दाला जरा वाकडा आवाज असे.

“हे झालं एक. अजून कुठी बसते का पाहा.” हे त्यांचं वाक्य. मुलगी फळ्यावर गणित सोडवी, उत्तराखाली दोन रेघा मारी आणि शाबासकीच्या आशेनं वळे. सर फळ्यापाशी जात, अंगठा आणि करंगळी ताणून दोन बिंदूंवर वीत ठेवत, मधलं बोट मध्यावर टेकवत आणि हे म्हणत. मुलगी बिचारी परत खडू उचली. तुम्हीही असे मास्तर पाहिले असतील, ज्यांच्या वर्गात बरोबर उत्तर आलं तरी सुटका नसते.

ठेंगणे, सावळे. शर्टाला नीळ इतकी की दुरून तो आकाशी वाटावा. अक्षर मात्र असं की फळा पुसवत नसे. आणि खरोखरच ते तो पूर्ण पुसू देत नसत. दहावीच्या वर्गात फळ्यावर त्यांनी दोन अक्ष काढून ठेवले होते, एक आडवा, एक उभा, आणि चपराशाला ताकीद होती: बाकी काय पुसायचं ते पुस, हे दोन राहू दे. मग संस्कृतच्या बाईंची सुभाषितं त्या आडव्या रेघेनं कंबरेत कापली जात आणि भूगोलाच्या सरांची गोदावरी शून्यातून उगम पावे. कोणी कुरकुरलं की सर म्हणत, “राहू द्या ना बाप्पा. जागा सांगायले कामी येते.”

बोलणं सगळं असं. काटोलकडचं संत्र्याच्या कास्तकाराचं घर, आणि त्यांनी ते शाळेतही लपवलं नाही. आम्ही धंतोलीतले. आमच्या घरी ‘मले-तुले’ म्हटलं की आई डोळे वटारी, जणू आम्ही नागपुरात नव्हे, भलत्याच शहरात राहत होतो. साहजिकच स्टाफरूममधली माझी मोठी करमणूक म्हणजे सरांची नक्कल. एका दुपारी मी पदर खोचून, वीत ताणून, “अजून कुठी बसते का पाहा वं पोरीहो” करत होते. सगळ्या हसत होत्या. मग हसणं एकाएकी थांबलं. सर दारात उभे होते.

“‘कुठी’वर तुम्ही लय जोर देता, बाई,” ते म्हणाले. “हळू म्हना. बरोबर जमन.”

आणि आपली वह्यांची चळत घेऊन गेले. मी लाजले असं वाटत असेल तुम्हाला. नाही. पुढच्या वेळी मी ‘कुठी’ हळू म्हटलं, आणि नक्कल खरंच जास्त चांगली झाली.

एकदा मी त्यांना जरा तावातच विचारलं, “सर, तुमच्या मुली मध्यबिंदूचं सूत्र न लिहिता थेट उत्तर कशा देतात?”

“आमच्या बापानं संत्रं लावलं तवा खुंट्या मी ठोकल्या, बाई,” ते म्हणाले. “चार खुंट्या ठोकायच्या. समोरासमोरच्या खुंट्यांले दोरी बांधायची. दोन दोऱ्या जिथी कापतात तिथी बरोबर मधात पपईचं झाड लावायचं. पन दोऱ्या एकमेकीले निम्म्यावरच कापल्या पाह्यजे. नाही कापल्या, तर समजायचं, एखादी खुंटी सरकली. तेच सांगतो पोरींले.”

“आणि तीनच ठोकल्या असतील तर?” मी चेष्टेनं.

“तर बापाले विचारायचं, चौथी कुठी ठोकू. तीन जागा राहतात तिले. आपल्या मनानं ठोकली का मार बसे.”

हे मी स्टाफरूममध्ये रंगवून सांगितलं. पपईवर सगळे खूप हसले. त्यानंतर महिन्याभरात मी तो पेपर काढला. उत्तर कानावरून गेलं होतं माझ्या, पण माझं लक्ष उच्चाराकडे होतं.

प्रती काढण्यासाठी पेपर हातानं स्टेन्सिलवर उतरवायचं काम सरांकडे, त्यांच्या अक्षरामुळे. मी हस्तलिखित दिलं. दुसऱ्या दिवशी ते माझ्या टेबलापाशी आले. मी वह्या तपासत होते.

“बाई, हा सातवा प्रश्न, चौकोनाचा. हे अजून दोन ठिकाणी बसते. अ ब क ड नावं टाकून देऊ का?”

मी मान वर केली नाही. तशीच मी म्हणाले, “जसं आहे तसं उतरवा, सर. उतरवायलाच दिलंय.”

त्यांनी तसंच उतरवलं. काना-मात्रा न चुकता.

परीक्षा झाली. पेपर मीच तपासले. एका मुलीनं उत्तर लिहिलं होतं (६,४). सूत्र, पायऱ्या, लहानशी आकृती, सगळं नीटनेटकं. मी माझ्या नमुना उत्तराकडे पाहिलं, तिच्या उत्तराकडे पाहिलं आणि लाल पेनानं शून्य दिलं. आकृतीवरसुद्धा फुली मारली. ती आकृती अगदी बरोबर होती, हे कळायला एक मिनिट लागलं असतं. त्या दिवशी माझ्यापुढे साठ पेपर होते आणि संध्याकाळी सिनेमाला जायचं होतं.

यादी लागली. ती मुलगी तीन मार्कांनी दुसरी आली.

चार दिवसांनी ती वडिलांबरोबर बसनं आली. दोन घट्ट वेण्या, पायांत प्लास्टिकच्या चपला, हातात प्रश्नपत्रिकेची घडी. वडील व्हरांड्याच्या पायरीवर बसून राहिले. तिनं स्टाफरूमच्या दारातून विचारलं, “बाई, सातव्यात माझं कुठी चुकलं?”

“क्रम,” मी म्हणाले. “क्रम बघायचा असतो.”

“कोनता क्रम?”

मी तिला सांगितलं की मला तास आहे. तास नव्हता.

परत येऊन पाहते तर व्हरांड्यात सर तिच्याशेजारी खाली बसलेले, फरशीवर खडूनं तीन बिंदू काढलेले, आणि ती मुलगी एकेक करून चौथा बिंदू तीन जागी ठेवून दाखवत होती. न सांगता. तिसराही ठेवून झाला. “अजून कुठी” असं विचारायला जागाच उरली नव्हती. त्यांनी वर पाहिलं, मी दिसले, आणि उठून माझ्याजवळ आले.

“बाई, पोरगी बरोबर आहे. हे चार मार्क भेटले तर जागा तिची आहे. आपन दोघं सेक्रेटरीकडे जाऊ. तुम्ही एक वाक्य बोला फक्त.”

मी येते म्हणाले. खरंच येण्याचं मनात होतं. मी अगदीच वाईट नव्हते, हे माझ्या नातवंडांसाठी लिहिते. बाकीच्यांनी विश्वास ठेवला नाही तरी चालेल.

संस्थेचे सेक्रेटरी गांधीबागेतले ठोक कापडवाले. माणूस भला, पण कायम घाईत. दुकानाच्या वरच्या माळ्यावर, कापडाच्या गठ्ठ्यांमध्ये त्यांनी आम्हाला बसवलं. सर तीन जागांचं समजावून सांगू लागले, तर त्यांनी हात वर केला.

“देखो सर, मी कापडाचा माणूस. गणितावर गणितवाल्यांनी भांडावं. मला एवढंच सांगा, उतरवताना पेपरात काही सुटलं का? तसं असेल तर कमिटीपुढे ठेवता येईल, मुलीला मार्क देता येतील. पण पेपर काढणारीचंच चुकलं म्हणाल, तर आधी या बाईंच्या कायम होण्याचा कागद थांबवावा लागेल. तो सहीसाठी माझ्याकडेच पडला आहे.”

खोलीत नव्या कापडाचा, खळीचा वास होता. अजूनही कापडाच्या दुकानाच्या पायरीवरून मी परत फिरते. मुलींना वाटतं, आईला गर्दी सोसत नाही.

“मी नावं दिली होती,” मी म्हणाले. “अ ब क ड. माझ्या हस्तलिखितात होती.”

“मग गेली कुठे? स्टेन्सिल कोणी कापली?”

सर माझ्याकडे बघत होते. रागानं नाही. फळ्यावर मुलगी भलतीच पायरी लिहिते तेव्हा ते थांबून बघत, आता ही स्वतःच पुसेल म्हणून, तसे बघत होते. मी पुसली नाही.

“मीच कापली,” ते म्हणाले. “सुटली असतील माझ्याकडून. चष्म्याचा नंबर वाढून राहिला.” आणि लगेच, “पन मंग पोरीले ते चार मार्क देऊन टाका.”

“पाहू,” सेक्रेटरी म्हणाले.

जिना अरुंद होता. सर पुढे, मी मागे. खाली उतरल्यावर त्यांनी कापडी पिशवीतून एक घडी केलेला कागद काढला आणि माझ्या हातात दिला. माझं हस्तलिखित. सातवा प्रश्न, माझ्या अक्षरात, नावांशिवाय. वर बसलो होतो तेव्हा तो पूर्ण वेळ त्यांच्या मांडीवरच्या पिशवीत होता.

“ठेवा तुमच्यापाशी,” ते म्हणाले. “वर्गात सांगत जा पोरींले, तीन जागा राहतात म्हून.”

मी तो कागद घरी जाऊन फाडला. बारीक फाडला आणि मोरीत टाकला. आधी अर्धा करून, मग अर्ध्याचा अर्धा, किती व्यवस्थित फाडला ते आठवतं.

कमिटीनं उतरवणाऱ्याची चूक झाल्याची नोंद केली. पण यादी बदलली नाही. जी पहिली आली होती ती ट्रंक घेऊन वसतिगृहात राहायलासुद्धा आली होती, तिला काय बाहेर काढायचं, असं कोणी तरी म्हणालं आणि ते सगळ्यांना पटलं. म्हणजे ज्यासाठी सरांनी चूक अंगावर घेतली, तेच झालं नाही. चूक तेवढी त्यांच्या अंगावर राहिली. त्यांना परीक्षेच्या कामातून काढलं. जूनमध्ये संस्थेच्या एका लांबच्या शाखेत पाठवलं. तिथे वर्ग सातवीपर्यंतच. सातवीत अक्ष नसतात, बिंदूंना जागाही नसतात. सगळं आयुष्य ज्यावर गेलं ते शिकवायला त्यांना पुन्हा वर्ग मिळाला नाही.

मुलीचं पुढे काय झालं ते मला माहीत नाही. माहीत करून घेतलं नाही, हे जास्त खरं. मी कायम झाले. दहावीचा वर्ग माझ्याकडे आला. फळ्यावरचे दोन अक्ष मीच पुसले, ओल्या फडक्यानं, दोनदा. नंतर दरवर्षी मी वर्गात तीन बिंदू काढून चौथ्याच्या तीन जागा दाखवायची. मुली थक्क होत. “बाईंचं गणित वेगळंच,” म्हणत. मी म्हणू देई.

आठ वर्षांनी कळलं की सर गेले. धंतोलीतल्याच एका दवाखान्यात, माझ्या माहेरापासून दोन गल्ल्यांवर. तोवर मी स्वतः पेपर काढणाऱ्यांची प्रमुख झाले होते. मला वाटलं, आता तरी जाऊन खरं सांगावं. त्यांच्या पत्नी काटोलला आपल्या भावाकडे राहतात, असं समजलं. मी बसनं निघाले, आणि रिकाम्या हातानं कसं जायचं म्हणून नागपूरच्या बाजारातून एक टोपली संत्री घेतली. काटोलला संत्री. बसमध्ये दोन माणसं माझ्या टोपलीकडे आणि मग माझ्याकडे पाहून हसू दाबत होती. मी त्यांच्याकडे करड्या नजरेनं बघत राहिले. काटोलच्या स्टँडवर उतरले तेव्हा समोर संत्र्यांचे डोंगर. तरी ती टोपली मी तशीच घेऊन गेले. टाकणार कुठे?

सरांच्या पत्नी ओसरीत बसून शर्टाला काजं करत होत्या. लहानखुऱ्या, चष्मा दोऱ्यानं कानाला बांधलेला. मी सरांच्या शाळेतली, गणिताचीच, असं सांगितलं. त्यांनी बसायला सतरंजी टाकली. टोपली पाहिली आणि पुन्हा सुई उचलली.

“गनिताच्या हा? मंग तुम्हाले माहीत असन ते अक्षराचं,” त्या म्हणाल्या. सुई चालूच होती. “एक ओळ नीट उतरवली असती तर नागपूर सुटलं नसतं. गांधीबागेत माझं काजा-बटनाचं काम होतं. दहा-बारा बाया होतो आम्ही, हसत-बोलत दिवस जाये. ते गेलं. अन तिकडे त्या गावात हे दिवसभर भिंतीकडे पाहून राहायचे. मी कधी विसरू देलं नाही त्यायले. किरान्याची चिठ्ठी लिहून देत, तर मी म्हनायची, पाहा बाप्पा, एखादं अक्षर सुटलं असन. चिठ्ठी परत घेत, वाचत, अन मंग देत. दरवेळी.”

त्यांनी दुसरं काज धरलं.

“दवाखान्यात डॉक्टरनं सही मागतली. हात कापत होता त्यायचा. तिथी बी मी बोलली, नीट करा, काही सोडू नका. तर पुरं नाव लिहिलं त्यायनं, बापाच्या नावासकट. लय वेळ लागला.”

इथे तरी मी उठून यायला हवं होतं. पण मी तर मोठं काम करायला आले होते, त्यांच्या नवऱ्याचं नाव धुऊन द्यायला. म्हणून सगळं सांगितलं. पेपर, सातवा प्रश्न, त्यांनी आधी येऊन विचारलं होतं ते, माळ्यावर मी काय बोलले ते, जिन्याखालचा कागद. सांगता सांगता मला रडू आलं आणि रडून बरं वाटलं. गेल्या आठ वर्षांत इतका मोकळा श्वास मी घेतला नव्हता.

त्यांची सुई काजात तशीच अडकून राहिली होती.

“कागद त्यायच्यापाशी होता?” त्यांनी विचारलं.

“हो.”

“अन त्यायनं तुम्हाले देऊन देला.”

“हो.”

“मले नाही सांगतलं,” त्या म्हणाल्या. मला नाही, शर्टाला सांगत होत्या.

मग दोरा दातांनी तोडला, शर्टाची घडी घातली आणि आत गेल्या. बऱ्याच वेळानं पाण्याचा पेला घेऊन आल्या, माझ्यापुढे ठेवला. टोपली उचलून माझ्या पायांशी आणून ठेवली, परत न्यायला. मी पाणी प्यायले. चपला पायांत घातल्या. त्या दाराच्या चौकटीला धरून उभ्या होत्या, आणि आवाज अगदी साधा होता, वेळ विचारावी तसा.

“तुमचं मन हलकं झालं असन, बाई. आता हे मी कोनाले जाऊन सांगू?”